मुदत मोजावी की मुलूख पाहावा?

हैतीच्या लोकांना अमेरिकेत मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणाविषयी एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे: पुरे झाले, आता ते संपवावे. वॉशिंग्टनमधले सत्ताधारी ते उघड मांडतात, अमेरिकेतल्या एडिसनपासून सनीव्हेलपर्यंतच्या मराठी घरांत ते मान डोलावून ऐकले जाते, आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेच्या बातम्या वाचणाऱ्यांनाही त्यात काही वावगे दिसत नाही. ते कठोर आहे ही माझी तक्रार नाही. कठोर मत बरोबर असू शकते. हे मत मात्र कायद्यापुढे टिकत नाही, इतिहासापुढे टिकत नाही आणि ते मांडणाऱ्या सरकारच्या स्वतःच्या कागदपत्रांपुढे तर मुळीच टिकत नाही.

आधी पूर्वपक्ष. तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. तीन दिवसांत अमेरिकेने जाहीर केले की, आमच्या भूमीवर आधीपासून असलेल्या हैतीयनांना आम्ही परत पाठवणार नाही. त्यांना टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे टीपीएस, देऊ. मुदत दीड वर्षाची. निर्णय माणुसकीचा होता, हे पूर्वपक्षालाही मान्य आहे. पण दीड वर्षाची पंधरा वर्षे झाली. लाभार्थी पन्नास-साठ हजार होते, ते साडेतीन लाखांच्या आसपास गेले. भूकंपाचे ढिगारे केव्हाच उपसले गेले, तरी मुदतवाढीमागून मुदतवाढ चालूच. मग यात तात्पुरते काय राहिले? शिवाय अशा सवलतीने नव्या लोकांना निघण्याचा मोह होतो, आणि जे नियमाने व्हिसा काढून, वकिलाची फी भरून, ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षे वाट पाहतात त्यांच्यावर अन्याय होतो. हैतीची दुर्दशा कायमचीच असेल तर तात्पुरत्या सवलतीचा हेतूच संपला. आणि शेवटचा मुद्दा: हा निर्णय कायद्याने होमलँड सिक्युरिटी खात्याच्या मंत्र्याकडे दिला आहे, न्यायाधीशांनी त्यात नाक का खुपसावे?

यात मूर्खपणाचे काही नाही. हे मानणारे सगळे वर्णद्वेष्टे आहेत असे म्हणणे हा खंडनाचा आळस होईल. तेव्हा मुद्द्यालाच हात घालू.

टीपीएसचा कायदा १९९०चा. रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश, थोरले, यांनी त्यावर सही केली. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४४ मध्ये तो आहे. सशस्त्र संघर्ष, भूकंप-पूर-साथीसारखी आपत्ती, किंवा माणसाला सुरक्षित परतू न देणारी असाधारण आणि तात्पुरती परिस्थिती, या तीनपैकी एक कारण असेल तर मंत्री एखाद्या देशाला या यादीत घालू शकतात. एका वेळी सहा, बारा किंवा अठरा महिने. मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी संबंधित खात्यांशी सल्लामसलत करून त्या देशाची स्थिती पुन्हा तपासायची. ती सुधारली असेल तर संरक्षण संपवायचे. नसेल तर वाढवायचे. मंत्र्यांनी काहीच ठरवले नाही तर? तर संरक्षण आपोआप सहा महिने वाढते. म्हणजे कायद्याचा कल कुठे आहे ते पाहा: मौन म्हणजे मुदतवाढ. संरक्षण संपवायचे असेल तर मात्र तपासून, ठरवून, लिहून संपवावे लागते.

एकूण किती वेळा वाढवता येईल याला त्या कलमात मर्यादा नाही. दर वेळी विचारायचा मुख्य प्रश्न, तो देश आज कसा आहे? ‘पंधरा वर्षे झाली’ हे वाक्य गप्पांत वजनदार वाटते, पण त्या कलमात त्याला बसायला जागा नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांना एवढ्या लांबणीची कल्पना नसावी. उलट आहे. त्याच कलमात एक विलक्षण तरतूद आहे. टीपीएसवर असलेल्यांना कायम वास्तव्य देणारे विधेयक सिनेटमध्ये विचारात घ्यायचे असेल तर तीन-पंचमांश सभासदांची संमती लागेल, असे तिथे लिहिले आहे. माणसे सहा महिन्यांत परत जाणार अशी ज्यांची खात्री असते ते असे कुलूप कशाला लावतील? लोक दीर्घकाळ राहतील हे त्यांनी ओळखले होते. राहू द्या, पण त्यातून आपोआप नागरिकत्वाची वाट फुटू देऊ नका, असा तो पक्का विचार होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांचेझ खटल्यात एकमताने तोच धागा पुढे नेला: टीपीएस मिळाले म्हणजे कायदेशीर प्रवेश झाला असे नाही. निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांचे, म्हणजे उदारमतवादी बाजूचे. तात्पुरतेपणाचे कुंपण इतके भक्कम आहे.

आणि हे संरक्षण कधी संपतच नाही, हेही खरे नाही. कुवेत, लेबनॉन, रवांडा, बोस्निया, कोसोव्हो, अंगोला, या सर्वांचे ते संपले. इबोलाच्या साथीमुळे लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनी यांना ते मिळाले होते; साथ ओसरली, २०१७ मध्ये तिन्ही देश यादीतून गेले. परिस्थिती निवळली, संरक्षण गेले. व्यवस्था चालते. हैतीच्या बाबतीत ती चालत नाही असे वाटते, कारण हैतीत परिस्थिती निवळलेली नाही.

आता भूकंपाकडे येऊ, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. आज ज्या संरक्षणावरून वाद आहे ते २०१०च्या भूकंपाचे नाहीच. जुने संरक्षण संपवण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१७ मध्ये झाला आणि न्यायालयांत अडकला. मे २०२१ मध्ये अमेरिकेने हैतीला नव्याने, असाधारण परिस्थितीच्या कारणाखाली, यादीत घातले. त्यानंतर काय घडले? ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोवनेल मोईझ यांची त्यांच्या घरात घुसून हत्या झाली. १४ ऑगस्टला दक्षिण हैतीत ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, दोन हजारांहून अधिक माणसे गेली. जानेवारी २०२३ मध्ये उरलेल्या दहा सिनेटरांची मुदत संपली आणि देशात निवडून आलेला एकही राष्ट्रीय प्रतिनिधी उरला नाही. मार्च २०२४ मध्ये टोळ्यांनी राजधानीचा मुख्य तुरुंग फोडला. हजारो कैदी बाहेर पडले. पंतप्रधान आरिएल आँरी परदेशात होते, ते परतूच शकले नाहीत आणि त्यांना पद सोडावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात टोळ्यांच्या हिंसाचारात ५,६००हून अधिक लोक मारले गेले. २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे १३ लाख माणसे घर सोडून देशातच विस्थापित झाली होती. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत आहे, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा.

आकड्यांनी मन बधिर होते, म्हणून एकच घटना. डिसेंबर २०२४. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या सिते सोलेई भागातली वार्फ जेरेमी ही किनाऱ्यालगतची वस्ती. तिथल्या टोळीप्रमुखाचे मूल आजारी पडले. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी करणी केली, असा त्याचा समज झाला. त्याच्या माणसांनी घराघरांतून वृद्धांना ओढून काढले, काही दिवस ही शिकार चालली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत किमान २०७ बळी निघाले. पुरावा राहू नये म्हणून प्रेते जाळली, काही समुद्रात टाकली. पोलीस? त्या वस्तीत सत्ता टोळीची होती. पोलीस तिथे नव्हतेच. ज्याला परत पाठवायचे तो याच देशात परत जाणार आहे. आणि राजधानीचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग टोळ्यांच्या ताब्यात असल्याचे संयुक्त राष्ट्रांचेच अधिकारी सांगत होते.

‘राजधानी सोडून बाकीचा देश आहे ना? उत्तरेला काप-हाइतिएन आहे, तिथे विमान उतरते.’ उतरते खरे. पण उत्तरेकडून राजधानीकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर टोळ्यांची नाकी आहेत. आणि ज्या आर्तिबोनित खोऱ्यातून तो रस्ता जातो तिथल्या पाँ-सोंदे गावात ऑक्टोबर २०२४ मध्ये सामूहिक हत्याकांड झाले. विमानतळ सुरक्षित असणे आणि मुलूख सुरक्षित असणे यांत फरक आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा कायमस्वरूपीपणाचा, आणि त्याला खरा दाखला आहे. कॅरिबियनमधल्या माँत्सेरा बेटावर ज्वालामुखीचे उद्रेक सुरू झाले म्हणून तिथल्या लोकांना १९९७ मध्ये टीपीएस मिळाले. २००४ मध्ये अमेरिकेने ठरवले की हे उद्रेक कित्येक दशके चालू शकतात. म्हणजे संकट तात्पुरते नाही. म्हणून संरक्षण बंद. तर्क क्रूर वाटला तरी कायद्याच्या शब्दांत बसतो. मग हैतीला तोच न्याय का नको? दोन कारणे. माँत्सेरा ही ब्रिटिश वसाहत. तिथल्या रहिवाशांना २००२ पासून पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले होते. अमेरिकेने दार लावले तेव्हा लंडनचे दार उघडे होते. हैतीच्या माणसाला असे दुसरे दार नाही. दुसरे, ज्वालामुखी कोणाचे ऐकत नाही; टोळ्या म्हणजे माणसे आहेत आणि माणसांचा बंदोबस्त करता येतो असे जग मानते. अमेरिकाही मानते. म्हणूनच ३० सप्टेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने हैतीतल्या टोळ्यांविरुद्ध ५,५५० जणांच्या दलाला मंजुरी दिली, आणि तो ठराव मांडण्यात अमेरिका पुढे होती. संकट आटोक्यात येईल असे मानून फौज पाठवण्याचा ठराव करायचा आणि इकडे ते कायमचे आहे म्हणून माणसे परत धाडायची? दोन्ही एकदम खरे कसे असेल?

आता सरकारच्या स्वतःच्या कागदांकडे वळू. २७ जून २०२५ रोजी होमलँड सिक्युरिटी खात्याने जाहीर केले की हैतीतली स्थिती पुरेशी सुधारली असून नागरिकांनी घरी परतणे सुरक्षित आहे. त्या दिवशी याच सरकारच्या परराष्ट्र खात्याची हैतीविषयीची सूचना चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर होती: कोणत्याही कारणाने जाऊ नका, अपहरण, गुन्हेगारी, नागरी अशांतता आणि वैद्यकीय सेवेचा अभाव ही कारणे. याच सरकारने आठ आठवड्यांपूर्वी, २ मे रोजी, ‘व्हिव आन्सान्म’ आणि ‘ग्रान ग्रिफ’ या हैतीयन टोळ्यांना विदेशी दहशतवादी संघटना ठरवले होते. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरू पाहणाऱ्या स्पिरिट एअरलाइन्सच्या विमानावर गोळीबार होऊन एक कर्मचारी जखमी झाल्यापासून अमेरिकन विमानांना त्या विमानतळावर घातलेली बंदी त्या दिवशीही कायम होती. जिथे अमेरिकेचे विमान उतरू शकत नाही तिथे हैतीचा माणूस सुखरूप उतरेल, असे हे म्हणणे आहे. एका सरकारच्या दोन खात्यांनी ‘जाऊ नका’ म्हणावे आणि तिसऱ्याने ‘खुशाल जा’ म्हणावे, यात संबंधित खात्यांशी सल्लामसलत नेमकी कुठे झाली?

हे अडचणीचे आहे, हे सरकारलाही उमगले असावे. कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये ३ फेब्रुवारी २०२६ पासून संरक्षण संपवण्याची नवी सूचना निघाली, तेव्हा सूर बदलला होता. परिस्थिती चिंताजनक आहे हे मान्य करून, या लोकांना राहू देणे राष्ट्रहिताविरुद्ध आहे, या कारणावर भर दिला गेला. न्यायाने सांगायचे तर हे कारण कायद्यात आहे. असाधारण परिस्थितीच्या कलमात राष्ट्रहिताची अट स्पष्ट लिहिली आहे. पण मग सुरक्षिततेचा दावा सोडा. ‘हैती सुरक्षित आहे’ आणि ‘हैती सुरक्षित नाही, तरी जा’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरे बोलायचे धैर्य असेल तर ते दुसरेच म्हणून बोला.

आणि राष्ट्रहित कोणते? ओहायोतले स्प्रिंगफील्ड हे साठ हजारांच्या आतबाहेरचे, कारखाने गेल्यामुळे रोडावलेले गाव. गेल्या काही वर्षांत तिथे हजारो हैतीयन आले आणि कारखान्यांत, गोदामांत कामाला लागले. शाळा, दवाखाने, घरभाडे यांवर ताण आला, हे खरे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणा होईल. पण सप्टेंबर २०२४ मध्ये देशभर गाजले ते दुसरेच: हे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरे खातात. अध्यक्षपदाच्या वादविवादाच्या मंचावरून ते सांगितले गेले. शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, याला विश्वसनीय पुरावा नाही. ओहायोचे राज्यपाल माइक डिवाइन, रिपब्लिकन पक्षाचे आणि स्प्रिंगफील्डमध्येच जन्मलेले, उघडपणे म्हणाले की ही माणसे कायदेशीरपणे इथे आहेत, कामाला आली आहेत आणि त्यांच्या कामावर मालक खूश आहेत. राष्ट्रहिताचा साक्षीदार म्हणून कोण चालेल? अफवा, की त्या राज्याचा राज्यपाल?

ही खोड जुनी आहे. २०१७ मध्ये हैतीचे टीपीएस संपवण्याचा विचार चालू असताना अधिकाऱ्यांचे अंतर्गत ई-मेल बाहेर आले. त्यांत हैतीयनांपैकी किती जणांवर गुन्हे आहेत, किती जण सरकारी मदतीवर आहेत, याची माहिती मागवली जात होती. गुन्हेगाराला टीपीएस मिळतच नाही. एक मोठा गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झाले की अर्ज बाद होतो, दर नूतनीकरणाला पुन्हा पार्श्वभूमी तपासली जाते. मग ही चौकशी कशाला? कायदा विचारतो, हैती कसा आहे? यांनी विचारले, हैतीयन कसे आहेत? प्रश्नच बदलला की उत्तर हवे ते काढता येते.

मोहाचा मुद्दा थोडक्यात. टीपीएस केवळ ठरावीक तारखेआधी अमेरिकेत असलेल्यांनाच मिळते. २०१० मध्ये तर अमेरिकन हवाई दलाचे विमान हैतीवर तासन्‌तास घिरट्या घालत होते आणि राजदूत रेमंड जोझेफ यांचा क्रेओल भाषेतला संदेश प्रसारित करत होते: नावेत बसू नका, परत पाठवले जाल. तारखा पुढे सरकत गेल्या हे मात्र खरे. २०११, २०२१, २०२२, २०२४. हा पूर्वपक्षाचा रास्त आक्षेप आहे. पण सप्टेंबर २०२१ मध्ये टेक्सासच्या डेल रिओ पुलाखाली पंधरा हजारांच्या आसपास हैतीयन जमले, तेव्हा तारीख उलटून गेली होती, आणि बायडेन सरकारने त्यांतल्या हजारोंना विमानात घालून पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरवले. त्यांतले बरेच जण हैतीतून थेट आलेही नव्हते. आधी चिली-ब्राझीलमध्ये राहून, तिथले काम आटल्यावर निघाले होते. त्यांना ओढणारे कारण एकटे टीपीएस असते तर ते २०१० मध्येच निघाले नसते का?

आणि आता आपल्या लोकांचा मुद्दा, रांगेचा. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी इंजिनिअरला ग्रीन कार्डासाठी दशके लागतात, हे दुःख खरे आहे. पण त्याचे कारण काय? एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांहून अधिक देऊ नयेत, हा नियम. टीपीएस एकही ग्रीन कार्ड खर्च करत नाही. उद्या साडेतीन लाख हैतीयन परत गेले तर भारतीयांची रांग एका माणसानेही पुढे सरकणार नाही. शिवाय २०२३ पासून आलेल्या हैतीयनांपैकी दोन लाखांहून अधिक लोक पॅरोल योजनेखाली, अमेरिकेतला हमीदार दाखवून, तपासणी होऊन, तिकीट काढून विमानाने आले. रांग त्यांनी कुठे मोडली?

एच-वन-बी हाही तात्पुरताच व्हिसा आहे. तीन वर्षे, मग तीन वर्षे, कमाल सहा. आपली माणसे बारा-पंधरा वर्षे त्यावर राहतात ती कशी? २००० साली काँग्रेसने केलेल्या कायद्यामुळे, ज्याने ग्रीन कार्डाची प्रक्रिया अडकलेल्यांना सहा वर्षांपुढेही मुदतवाढ दिली. ती आपण फसवणूक मानतो का? मानू नये, कायद्याने दिलेली आहे. मग तोच हिशेब हैतीयनांना लावताना जीभ का अडखळते? आपल्या मुदतवाढीमागे अडकलेला अर्ज आहे, त्यांच्या मुदतवाढीमागे पेटलेला देश. दोन्हींत अधिक निकड कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

राहिला न्यायाधीशांचा प्रश्न. टीपीएसच्या निर्णयावर न्यायालयीन पुनर्विलोकन नाही असे कलम आहे, आणि व्हेनेझुएलाचे टीपीएस संपवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारला पुढे जाऊ दिले. हे पूर्वपक्षाच्या बाजूचे आहे, ते लपवायचे नाही. पण निर्णय शहाणपणाचा होता का, हे विचारणे वेगळे आणि तो कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाला का, हे विचारणे वेगळे. हा फरक १९९१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. त्या खटल्यातल्या एका पक्षाचे नाव होते, हेशियन रेफ्यूजी सेंटर. त्याच धाग्याने ब्रुकलिनमधले न्यायाधीश ब्रायन कोगन यांनी जुलै २०२५ मध्ये ठरवले की, एकदा दिलेली मुदत मंत्र्यांना मध्येच तोडता येत नाही. आणि २ फेब्रुवारी २०२६ रोजी, संरक्षण संपायच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश आना रेयेस यांनी ते संपवणे रोखले. या आदेशांचे वरच्या न्यायालयात काहीही होवो. मंत्र्याला अधिकार आहे का, हा न्यायालयाचा प्रश्न. मंत्र्याने सांगितलेले कारण खरे आहे का, हा कोणाही वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर परराष्ट्र खात्याच्या सूचनेत छापलेले आहे.

ज्यांना हे सारे पटत नसेल त्यांना एवढीच विनंती. कलम २४४ काही फार मोठे नाही, मिळवून वाचा. संरक्षण अमुक वर्षांनी संपलेच पाहिजे असे एक वाक्य त्यात दाखवा. सापडले तर मी हा लेख मागे घेईन.